न थिजणारं रक्त

लग्नकार्यात नव्या ओळखीच्या कुणी "आपण काय करता?" असं मला विचारलं, की माझी बायको घाईघाईने "सरकारी नोकरीत आहेत" म्हणते आणि विषय बदलते. तिचं चुकत नाही. पंगतीत सांगण्यासारखं माझं काम नाही. सोलापुरात जनावरांचे रोग तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथं मी तंत्रज्ञ आहे, आणि नोकरीतला निम्म्याहून जास्त वेळ मी शेण आणि लेंड्या तपासण्यात घालवला आहे.

लोक नमुना कशातून आणतील याला नेम नाही. अकलूजकडच्या एका गृहस्थांनी तो चार पुडांच्या स्टीलच्या डब्यात आणला होता. आमच्या शिपायाने डबा जेवणाचा समजून माझ्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक चाचा आपल्या बोकडाच्या लेंड्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मी म्हटलं, "चाचा, चांगला टॉवेल कशाला खराब केला?"

"सेकंड का माल है साब," चाचा म्हणाले. "बकरा तो फस्ट का हैना!"

या लेंड्यांत मी अंडी मोजतो. जंतांची अंडी. पद्धत अगदी साधी आहे. ठराविक वजनाच्या लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवायच्या. जड गाळ खाली बसतो, अंडी वर तरंगतात. वरचं पाणी आखीव रेघा असलेल्या काचेच्या खणात घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली रेघेरेघेने मोजायचं आणि पन्नासने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. एवढंच. पण या आकड्यावर कुणाची मेंढी जगते, कुणाची मरते, आणि एकदा तर एका घरात सून राहणार की जाणार, हेही ठरायची वेळ आली होती. तीच गोष्ट इथं सांगायची आहे. त्याआधी रक्त का थिजतं, हे थोडं सांगावं लागेल.

सोलापूरकरांना हे मागाच्या भाषेत पटकन कळतं. आपल्या रक्तात सुताचा कच्चा माल कायम विरघळलेला असतो. सूत मात्र नसतं. ते नेहमीच असतं तर रक्त नळीतल्या नळीत अडकून माणूस मेला असता. जखम झाली की फाटलेल्या जागेतून निरोप सुटतो. तो एका प्रथिनाला जागं करतो, ते दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी त्या कच्च्या मालाचं खरोखरचं सूत होतं. सुताची जाळी विणली जाते, तिच्यात रक्तपेशी अडकतात आणि भोक बुजतं. गुठळी म्हणजे घाईत विणलेलं ठिगळ. या साखळीतल्या बऱ्याच पायऱ्यांना कॅल्शियम लागतं. म्हणून आमच्याकडे रक्त घ्यायला दोन प्रकारच्या नळ्या असतात. साध्या नळीत रक्त थोड्या वेळात थिजतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत आधीच एक पावडर असते. ती कॅल्शियमला धरून बसते आणि रक्त पातळच राहतं.

आता जंताकडे येऊ. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा एक जंत आहे. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. मादीचं रक्ताने भरलेलं आतडं लाल, त्याभोवती अंडाशयाचा पांढरा पीळ, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या सुताचा पीळ दिल्यासारखी दिसते. तिचं काम माहीत नसतं तर सुंदर म्हटलं असतं. तिच्या तोंडात बारीक पातं असतं. पोटाच्या आतल्या अस्तराला ती त्याने ओरखडा काढते आणि वर येणारं रक्त पिते. पण रक्त लगेच थिजलं तर ती उपाशी मरेल. म्हणून ती जखमेत आपला स्राव सोडते. त्यात कॅल्शियमला धरून ठेवणारं एक प्रथिन सापडलं आहे, असं मी वाचलं आहे. माणसाच्या आतड्यातला अंकुशकृमी तर त्या साखळीतल्या नेमक्या कड्या पकडतो. सगळा उलगडा अजून झालेला नाही, त्यामुळे मीही तो झाल्यासारखं सांगणार नाही. पण एक गोष्ट नक्की. हे जंत विणलेलं ठिगळ उसवत बसत नाहीत, ते मागच सुरू होऊ देत नाहीत. आणि जंत पिऊन दुसरीकडे सरकला तरी आधीची जागा काही वेळ पाझरतच राहते. पिण्यात जातं ते वेगळं आणि वाया जातं ते वेगळं.

हिशेब असा. एका जंतामागे मेंढीचं दिवसाला साधारण एक थेंब रक्त जातं. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असणं दुर्मिळ नाही, आणि हजार थेंब म्हणजे पन्नास मिलिलिटर, लहान कपभर चहा. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त. ती नवं बनवते, पण कपभर रोज कुठून बनवणार? हळूहळू रक्त पाण्यासारखं होतं, पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. चरायला गेलेली मेंढी एका जागी बसते आणि उठत नाही.

तर, सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरून तिथल्या पशुवैद्यक मॅडमचा मला फोन आला. दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे होते. मॅडम तरुण, कामाला चोख. म्हणाल्या, "लक्षणं सगळी जंताची आहेत, पण दिवस जंताचे नाहीत. औषध दिलं तरी मेंढ्या मरतात. तुम्ही स्वतः येऊन नमुने घ्याल का?"

हा जंत पावसाळ्यातला. त्याच्या पिल्लांना ओल लागते. सांगोल्याच्या माळावर त्या दिवसांत गवताची काडी करपून गेलेली असते, ओल फक्त टँकरच्या नळाखाली. मलाही प्रश्न पडला. मी गेलो.

वस्ती हौसाबाईंची. नवरा वारलेला, एक मुलगा मारुती, त्याची बायको सुमन, आणि चाळीसच्या आसपास मेंढरं. त्या सकाळीच एक मेंढी मेली होती. हौसाबाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "डाक्टर, तुमी निस्त्या लेंड्याच न्हेनार का कायतरी औशीदबी देनार?"

"मावशी, मी डॉक्टर नाही. डॉक्टर या मॅडम. मी नुसता तपासणारा."

"मंग तपासा की. आमच्या घरात काय घुसलंय तेवडं तपासून सांगा." आणि त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात सुमन उभी होती. विशी-बाविशीची, मंगळवेढ्याकडची, लग्नाला वर्ष झालेली.

मग हौसाबाईंनी सुमनच्या देखतच सगळं सांगितलं. "ही आली आन् मेंढरं पडाया लागली. चांगली मेंढरं मारुतीसंगं माळावर जात्यात. यखादं आजारलं, गाबन आसलं, की ते हिच्या हवाली. आन् हिच्या हवाली झाल्यालं लई करून परत माळावर गेलंच न्हाय. कापून बघितलं तर रगात पानी. वढून घेतल्यागत. देवरुशी जानत्याला इचारलं. त्यो म्हनला, घरातल्याच हाताला दोष हाय. आनखी यक मेंढरू पडलं की हिला म्हायेरी धाडनार हाय मी."

माझ्यातला आकडेवाला गप्प बसेना. मी म्हटलं, "मावशी, आजारी तेवढीच तिच्याकडे देता, मग मरतीलही तिच्याकडेच. दवाखान्यात माणसं जास्त मरतात म्हणून दवाखाना मारतो असं नसतं."

"आमच्या गावचा दवाखाना तुमाला म्हाईत न्हाय," हौसाबाई म्हणाल्या.

मॅडमनी मेलेली मेंढी उघडली. चौथं पोट चिरून पसरलं तेव्हा त्याचं अस्तर हलल्यासारखं दिसलं. लाल-पांढरे पीळच पीळ. मॅडमनी काही चिमट्याने उचलून पाण्यात टाकले आणि ताटली हौसाबाईंच्या पुढं धरली. "रक्त ओढून घेतलंय म्हणालात ना, ते बरोबर आहे. ओढणारे हे."

हौसाबाईंनी नाकाला पदर लावून पाहिलं. जंत उचलल्यावर अस्तरावर बारीक लाल ठिपके उरले होते. जिथं जंत नव्हते तिथंही ठिपके होते.

"यवडंसं किडं?" त्या म्हणाल्या. "आन् ह्येनी मेंढी मारली? रगात तर थिजतंय की. जत्रंला बोकड कापलं की रक्ती शिजवायला ताटात रगात धरतो आमी. ताट घरात न्हेस्तवर त्येचं दही झाल्यालं आसतंय. किडा चावला तर थोडं वाहील आन् बंद हुईल."

प्रश्न अगदी नेमका होता, आणि माझ्याकडे त्या क्षणी उत्तर होतं ते प्रथिनं आणि साखळी यांचं. मी नुसतं "मोजून सांगतो" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्यांना वाटलं, याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

मी नमुने घ्यायला पिशव्या काढल्या तशी सुमन पहिल्यांदा बोलली. "सायब, लेंड्या वायल्या वायल्या दिऊ का? माळावरच्या मेंढरांच्या यका पिशवीत आन् हिरवळीवरच्यांच्या यका पिशवीत?"

"हिरवळ? कुठली हिरवळ?"

ती पुढं झाली आणि आम्हांला घराच्या मागं घेऊन गेली. वरच्या बाजूला शेजाऱ्याचं डाळिंब होतं. त्यासाठी त्याने शेततळं केलेलं. तळ्याच्या प्लास्टिकला कुठंतरी भोक पडलं असावं. पाणी बांधाखालून झिरपत हौसाबाईंच्या रानात उतरलं होतं आणि दोन-अडीच गुंठ्यांचा पट्टा हिरवागार झाला होता. बाकी सगळीकडे भुरकट माळ आणि मधे हे. त्या उन्हात डोळ्यांना बरं वाटलं.

"हितं बारमास हिरवं आसतंय," सुमन म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "धडधाकटास्नी हितं येऊच देत न्हाय मी. ते खाऊन टाकत्याल. निस्ती आजारी आन् गाबनी. आन् सकाळच्याच पारी आनती, दव आसतंय तवर. कवळं लागतंय नव्हं त्येंला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनाही एकदम कळलं होतं, आणि दोघांनाही ते त्या मुलीला तिथं, तशा आवाजानंतर, सांगवेना. शिवाय नमुने तपासायचे होते. मॅडमनी आजारी मेंढ्यांना दुसऱ्या जातीचं औषध दिलं आणि अहवाल येईपर्यंत त्यांना दारातच बांधून कडबा घालायला सांगितलं. हौसाबाई म्हणाल्या, "हिरवं सोडून कडबा? आजाऱ्याला?" मॅडम म्हणाल्या, "थोडे दिवस, मावशी." त्या कुरकुरल्या, पण ऐकलं.

सोलापुरात येऊन मी दोन्ही पिशव्या मोजल्या. माळावरच्या मेंढ्या ग्रॅमला दोनशेच्या आसपास. हिरवळीवरच्या सात हजारांच्या वर. मी दुसऱ्यांदा मोजलं, मग आमच्या सहकाऱ्याला मोजायला दिलं. तोच आकडा. अंड्यावरून जंताची जात कळत नाही, म्हणून लेंड्या आठवडाभर ओलसर उबेत ठेवून पिल्लं काढली. ती बहुतेक सगळी त्याच लाल-पांढऱ्या पिळाची निघाली. शंकेला जागा उरली नाही.

अशा वेळी मला नेहमी समाधान वाटतं. या वेळी वाटलं नाही. आकडा खरा होता, पण त्या घरात तो कसा ऐकला जाईल, हे मला दिसत होतं. तिच्या हाताला दोष आहे, असं जाणता म्हणाला होता. आता सरकारी माणूस येऊन म्हणणार, मेंढरं हिच्याच हिरवळीवर मरतात. हे सांगितलं नाही आणि नुसतं औषध दिलं तर मेंढ्या पुन्हा तिथंच चरणार आणि पुन्हा मरणार. मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आकडा सांगायच्या आधी तो कशाचा आहे ते सांगा. तुम्ही नेहमी उलटं करता."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्या औषध दिलेल्यांपैकी एक मेंढी, जी आधीच उठत नव्हती, ती गेली होती. हौसाबाईंनी सुमनच्या भावाला बोलावणं धाडलं होतं. "येताना आकडे घेऊन या," मॅडम म्हणाल्या. मी आकडे घेतले आणि दोन रिकाम्या नळ्याही घेतल्या. एक साधी, एक जांभळ्या टोपणाची.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ आलेला होता. अंगणात मोटारसायकल उभी आणि मागं कॅरेजवर सुमनची पिशवी दोरीने आवळून बांधलेली. भाऊ पाणी न पिता बसला होता. मारुती त्या दिवशी मेंढरं घेऊन माळावर गेलाच नव्हता. तो खांबाला टेकून उभा होता, ना आईकडे बघत होता ना बायकोकडे. सुमन आत होती.

"लेंड्या झाल्या का मोजून?" हौसाबाईंनी विचारलं.

"झाल्या. पण मावशी, तुम्ही त्या दिवशी मला एक विचारलं होतं. रक्त तर थिजतं, मग किड्याने मेंढी कशी मरते? त्याचं उत्तर आधी देतो. एक तगडा मेंढा धरा."

मारुतीने मेंढा धरला. मॅडमनी मानेतून रक्त घेतलं आणि दोन्ही नळ्यांत निम्मं-निम्मं भरलं. मी त्या हौसाबाईंच्या हातात दिल्या. "जांभळी जरा उलटीसुलटी करा आणि दोन्ही धरून बसा."

त्या दोन्ही मुठींत नळ्या धरून बसल्या. सुमन दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ झाल्यावर मी साधी नळी उलटी करायला सांगितली. रक्त तसंच वर चिकटून राहिलं.

"थिजलं," हौसाबाई म्हणाल्या. "थिजनारच."

"आता दुसरी."

रक्त पाण्यासारखं टोपणाकडं धावलं. त्यांनी नळी पुन्हा सरळ केली, पुन्हा उलटी केली. "यकाच मेंढ्याचं हाय न्हवं? ह्यात काय घातलंय?"

"थोडी पावडर. रक्तातला चुन्याचा अंश ती धरून ठेवते. तो मोकळा नसेल तर रक्त थिजत नाही."

हौसाबाईंनी कनवटीची चंची चाचपली. "चुन्याबिगर पान रंगत न्हाय, तसं?"

"अगदी तसं." मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. "त्या किड्याच्या तोंडातल्या पाण्यातही असलंच काहीतरी असतं. तो चावतो तिथलं रक्त या जांभळ्या नळीतल्यासारखं होतं. थिजत नाही. तो उठून गेला तरी गळत राहतं. एका किड्याचा दिवसाला एक थेंब. असे हजार किडे."

हौसाबाई जांभळ्या नळीकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मंग करनी-बिरनी कायबी न्हाय?"

"नाही."

"आन् हे किडं आलं कुटनं?"

आता सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं, त्याच क्रमाने. लेंडीतून अंडी बाहेर पडतात. माळावर पडली तर उन्हाने करपतात. ओलीत पडली तर त्यांतून डोळ्यांना न दिसणारी पिल्लं निघतात आणि दव असलं की गवताच्या पात्यावर चढून बसतात. मेंढी ते पातं खाते. आजारी मेंढीच्या लेंडीत सगळ्यांत जास्त अंडी, म्हणजे एक आजारी मेंढी पुढच्या मेंढीसाठी पेरून जाते. मग मी आकडे सांगितले. माळावर दोनशे. हिरवळीवर सात हजार.

सुमन दारातच खाली बसली.

"म्हंजी मीच चारत हुते की त्येंला," ती म्हणाली. "दव बघून बघून."

"आये, तिला म्हाईत नव्हतं," मारुती म्हणाला. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"तू गप," हौसाबाई म्हणाल्या. "तुला तरी कुटं म्हाईत हुतं? आन् मला तरी?" त्यांनी नळ्या माझ्या हातात परत दिल्या आणि हात पदराला पुसले. "आशक्त जीव आसला की त्येच्या म्होरं चांगलं तेच टाकायचं. आनखी काय करत्यात?" हे त्या कुणाला म्हणाल्या ते मला कळलं नाही. त्या बघत होत्या बांधलेल्या मेंढ्यांकडे.

मॅडमनी वेळ न घालवता पुढचं काम काढलं. औषध सगळ्यांना सरसकट पाजायचं नाही, हे त्यांनी समजावलं. यामागं एक दुःख आहे आणि ते माझ्या टेबलावर रोज येतं. औषध दिल्यानंतरचे नमुनेही आमच्याकडे येतात. पूर्वी आकडा जवळजवळ शून्यावर यायचा. आता पुष्कळदा अर्ध्यावर येऊन थांबतो. वर्षानुवर्षं सगळ्या कळपाला एकच औषध पाजत गेलं की ते पचवणारे जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. आपण चांगल्या मनाने पाजत राहिलो आणि जंत निवडून वाढवले. म्हणून आता पापणी बघायची. खालची पापणी अंगठ्याने ओढली की आतला रंग दिसतो. लाल असेल तर सोडून द्यायचं, गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं, फिकी किंवा पांढरी असेल तर औषध.

मॅडमनी दोन मेंढ्यांच्या पापण्या उघडून दाखवल्या आणि म्हणाल्या, "आता तुमच्यापैकी कुणीतरी बघा."

मारुतीने एक पाहिली. "लाल हाय."

"गुलाबी हाय," दारातून उठून येत सुमन म्हणाली. तिने ती मेंढी गुडघ्यांत धरली, पापणी सूर्याकडं केली आणि पुन्हा पाहिलं. "गुलाबीबी न्हाय. फिकीच हाय. हिला पाजाया पायजे."

मॅडमनी वाकून पाहिलं. "बरोबर."

सुमनने पुढची धरली, मग त्याच्या पुढची. डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत ती एकेक पापणी बघत गेली आणि फिक्या निघालेल्यांच्या शिंगाला, पाठीला चुन्याचं बोट लावत गेली. चुना सासूच्या चंचीतला होता. तो तिने कधी मागितला आणि त्यांनी कधी दिला, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

शेवटी भाऊ उठला. "आत्या, ऊन वाढाया लागलंय. सुमीला न्ह्यायची का न्हाय ते यकदा सांगा."

"न्ह्ये की," हौसाबाई म्हणाल्या. "आन् यवड्या मेंढरांचं डोळं कुनी बघायचं? मला जवळचं दिसत न्हाय. ह्या मारुत्याला लाल आन् गुलाबी यकच दिसतंय, तुमी आत्ताच बघितलं. का तू ऱ्हातोस हितं, मेंढरं वळाया?"

भावाने मोटारसायकलकडे पाहिलं.

"ती पिशवी खाली काड आदी," त्या म्हणाल्या. "आन् दोरी हिकडं दी. त्या हिरवळीला आडवी बांधायची हाय, न्हायतर संध्याकाळी मेंढरं पुन्ना शिरत्याल."

त्याने दोरी सोडली. हौसाबाईंनी ती हाताच्या वितीने मापली आणि तोंड वाकडं केलं.

"आत्या, ती पुरायची न्हाय," मेंढीच्या पाठीवरून सुमन म्हणाली. "पट्टा लई लांब हाय."

"मंग घरातनं दुसरी आन की," हौसाबाई म्हणाल्या. "कुटं ठिवलीया ते तुलाच म्हाईत."